ऑपरेशनची तारीख मिळाली, तोवरच्या दिवसांत काय करायचं?

बायोप्सीचा रिपोर्ट आला, पेट-सीटी झाला, डॉक्टरांनी फाइल बघून तारीख दिली: तीन आठवड्यांनी ऑपरेशन. किंवा पुढच्या महिन्यापासून केमो. या मधल्या दिवसांत बहुतेक घरांत पेशंटला कॉटवर बसवून ठेवतात. "आई, तू उठू नकोस, मी आणते." "बाबा, जिना चढू नका, दम लागेल." पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून दिला जातो. सगळं मायेपोटीच होतं, पण ऑपरेशनला जाताना माणूस रिपोर्ट आला त्या दिवसापेक्षा अशक्त झालेला असतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की उपचारांआधीचे हे आठवडे कामाचे आहेत. पावसाळ्याआधी घर शाकारून घेतात तसं शरीर तयार करायला तेवढेच दिवस हातात असतात. या तयारीला हॉस्पिटलात 'प्रीहॅब' म्हणतात. चालणं, ताकदीचे व्यायाम, श्वासाचे व्यायाम, पोटभर प्रथिनं आणि तंबाखू बंद, एवढाच तिचा पसारा. जिम लागत नाही. एक भक्कम खुर्ची, एक जिना आणि एक वही पुरते.

दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. व्यायामाने गाठ विरघळत नाही, ते काम औषधांचं, रेडिएशनचं आणि सर्जनचं. दुसरं, व्यायामासाठी उपचारांची तारीख पुढे ढकलायची नाही. "अजून महिनाभर ताकद कमावतो, मग येतो" असं परस्पर ठरवू नका. तारीख पुढे न्यायची तर ती डॉक्टर नेतील. काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये उपचार एक-दोन दिवसांत सुरू करावे लागतात, तिथे मधला काळ उरतच नाही. तिथे वॉर्डातल्या फिजिओला विचारून जे जमेल ते करायचं.

पण याचा खरंच उपयोग होतो का?

आधी नुसतं पडून राहिल्याने काय होतं ते पाहा. २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साठीच्या पुढच्या, कुठलाही आजार नसलेल्या काही जणांना दहा दिवस पलंगावर ठेवलं होतं. दहा दिवसांत त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. ही धडधाकट माणसं होती. कॅन्सरच्या पेशंटचं वजन तर बऱ्याचदा आधीच उतरलेलं असतं.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा आहे. तिथल्या मॅकगिल विद्यापीठातले भूलतज्ज्ञ फ्रान्सेस्को कार्ली यांच्या गटाने २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ७७ पेशंट, दोन गट. व्यायाम, आहार, मनाची तयारी सगळं दोन्ही गटांना सारखंच दिलं. फरक वेळेचा होता: एका गटाने ऑपरेशनच्या चार आठवडे आधी सुरुवात केली, दुसऱ्याने ऑपरेशननंतर. ऑपरेशन होऊन आठ आठवडे झाल्यावर दोन्ही गटांना सहा मिनिटं चालायला लावलं. आधी सुरुवात केलेला गट स्वतःच्या मूळ अंतरापेक्षा सरासरी २४ मीटर जास्त चालला आणि दुसरा गट सुमारे २२ मीटर कमी. व्यायाम तेच होते, फक्त कधी सुरू केले त्यावर एवढा फरक पडला.

२०२३ मध्ये युरोप आणि कॅनडातल्या हॉस्पिटलांनी मिळून याच कॅन्सरच्या २५१ पेशंटवर चाचणी केली. चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार आणि सिगारेट सोडायला मदत. ऑपरेशननंतरची गंभीर गुंतागुंत तयारी केलेल्यांमध्ये १७ टक्के होती, न केलेल्यांमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास.

कारण अगदी सरळ आहे. मोठ्या ऑपरेशननंतर जखम भरून काढायला, संसर्गाशी लढायला शरीराला जास्त ऑक्सिजन लागतो. तो पुरवायचा म्हणजे हृदयाला आणि फुप्फुसांना जादा काम करावं लागतं, आणि तेही पेशंट पलंगावर असताना. ज्याच्यात आधीपासून दम आहे त्याला हे झेपतं.

पहिलं पाऊल: डॉक्टरांना विचारा, पण नेमकं विचारा

"व्यायाम केला तर चालेल ना?" असं ओपीडीच्या गर्दीत विचारलंत तर "हो, हो, चालत राहा" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- आजार हाडांत पसरलाय का? कुठल्या हाडात?
- हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट किती आहेत?
- हृदयाची तपासणी, ईसीजी किंवा टूडी इको झालाय का? त्यात काही निघालं का?
- दम लागेपर्यंत चाललं तर चालेल का?
- वजन उचलायला मनाई आहे का?

हाडांचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मणक्यात किंवा मांडीच्या हाडात गाठ असेल तर ते हाड साध्या झटक्यानेही मोडू शकतं. अशा वेळी पुढे वाकणं, कंबरेत पिळणं, उड्या, जड उचलणं हे सगळं बंद, आणि व्यायाम फिजिओने समोर बसून शिकवलेलाच करायचा. हिमोग्लोबिन ८च्या खाली असेल तर दम लागेल असा व्यायाम सहसा थांबवतात. प्लेटलेट ५०,०००च्या खाली गेल्या की वजनाचे व्यायाम विचारून, आणि २०,०००च्या खाली तर डॉक्टर सांगतील तेवढीच हालचाल. हे ढोबळ आकडे आहेत, तुमच्या हॉस्पिटलचा नियम वेगळा असेल तर तो पाळा.

ताप असताना, जुलाब-उलट्या चालू असताना किंवा कुठूनही रक्त जात असताना व्यायाम नाही. एकच पाय अचानक सुजला आणि पोटरी दुखायला लागली तर चालून बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. ती नसेत झालेली रक्ताची गुठळी असू शकते, आणि कॅन्सरमध्ये अशा गुठळ्यांचं प्रमाण जास्त असतं.

दुसरं पाऊल: आज आपण कुठे आहोत ते मोजा

वहीच्या पहिल्या पानावर तीन आकडे लिहायचे.

पहिला खुर्चीचा. हात छातीशी घडी करून खुर्चीवर बसा. हात न टेकता उठायचं, सरळ उभं राहायचं, परत बसायचं, असं पाच वेळा. कुणालातरी मोबाइलवर वेळ लावायला सांगा. आशियाई लोकांसाठी ठरवलेल्या निकषात १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पायांची ताकद कमी समजतात. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर तेही लिहा. तुमचं पहिलं काम तेच.

खुर्चीबद्दल एक सूचना. घरोघरी असलेली प्लास्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते. ती भिंतीला टेकवूनच वापरायची. चाकाची खुर्ची तर नकोच.

दुसरा आकडा सहा मिनिटांच्या चालण्याचा. हॉस्पिटलात यासाठी ३० मीटरचा सरळ पट्टा आखलेला असतो. घरी तेवढी जागा नसेल तर गच्चीवर किंवा गॅलरीत पावलांनी अंतर मोजा आणि सहा मिनिटांत किती फेऱ्या झाल्या ते लिहा. थांबावं लागलं तर थांबा, घड्याळ चालू ठेवा. जागा मात्र दरवेळी तीच हवी, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.

तिसरा जिन्याचा: न थांबता दोन मजले चढता येतात का? भूलतज्ज्ञसुद्धा बऱ्याचदा हाच प्रश्न विचारतात. गावाकडच्या बैठ्या घरात जिना नसतो, तिथे हा आकडा सोडून द्या.

हे आकडे शेजारच्या काकांशी ताडून बघायचे नाहीत. दर आठवड्याला एकदा मोजायचे आणि मागच्या आठवड्याशी लावून पाहायचे.

तिसरं पाऊल: चालणं, पण दम लागेल असं

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. "रोज फिरतो की!" असं सांगणारे बरेच जण गप्पा मारत, कोपऱ्यावर थांबत, रमतगमत फिरत असतात. मनाला ते चांगलंच, पण हृदयाला त्याने फारसं काम पडत नाही. "ती दिवसभर घरातच राबते, तिला वेगळा व्यायाम कशाला?" हेही तसंच. धुणीभांडी, स्वयंपाक करून माणूस थकतं हे खरं. तरी छातीचा भाता चालेल असा सलग वेळ त्यात क्वचित मिळतो. त्या बाईला घरकामातून अर्धा तास मोकळा द्या आणि चालायला पाठवा.

वेग किती ठेवायचा? चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये. पूर्ण वाक्यं बोलता येत नसतील तर वेग जास्त झाला. आरतीचं अख्खं कडवं सुरात म्हणता येत असेल तर वाढवायला वाव आहे.

ज्यांना चालायची सवय नाही त्यांनी पाच-पाच मिनिटांनी सुरू करा, दिवसातून चार वेळा. दोन दिवस सोसलं की सात मिनिटं, मग दहा. आठवडाभरात सलग पंधरा-वीस मिनिटांवर याल. ज्यांना अर्धा तास सहज जमतो त्यांनी वेळ वाढवण्याऐवजी वेगाशी खेळा: पाच मिनिटं सावकाश, मग दोन मिनिटं भरभर आणि दोन मिनिटं हळू, असं पाच-सहा वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं सावकाश. हा प्रकार एक दिवसाआड. मधल्या दिवशी साधं चालणं.

कुठे चालायचं ते तुम्ही कुठे राहता त्यावर. चाळीची गॅलरी, सोसायटीची गच्ची, गावातलं अंगण किंवा शाळेचं मैदान, काहीही चालतं. शेताचा बांध नको, पाय मुरगळला तर नसती अडचण. मे महिन्यात सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. पावसात घरातच जागच्या जागी गुडघे उचलून चालायचं, एका हाताने ओट्याचा आधार घेऊन. पायात स्लिपर नको, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला.

परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचारांसाठी मराठवाडा-विदर्भातून, परराज्यांतूनही आलेली कुटुंबं तारखेची वाट बघत दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी दिवस काढतात. अशा ठिकाणी खोलीत किंवा पॅसेजमध्ये बसून राहण्याचीच सवय लागते. फुटपाथवर चालायला जागा नसते हे खरंय. पण पहाटे रस्ता मोकळा असतो, आणि पॅसेजमध्ये, जिन्यावर दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं होतातच. हॉस्पिटलात नंबर लागेपर्यंत दोन-तीन तास बाकावर जातात, तेव्हाही एका नातेवाइकाने फाइल घेऊन बसावं आणि पेशंटने कॉरिडॉरमध्ये फेऱ्या माराव्यात.

चौथं पाऊल: ताकद

नुसत्या चालण्याने ताकद फारशी वाढत नाही, त्यासाठी स्नायूंवर भार यावा लागतो. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, हे चार व्यायाम:

१. खुर्चीतून उठ-बस. बसताना धपकन बसू नका, मनात तीन मोजत सावकाश खाली या.

२. भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, कोपर वाकवत छाती भिंतीकडे न्या आणि परत ढकला.

३. टाचा उचलणं. ओट्याला धरून चवड्यांवर उभं राहायचं, सावकाश खाली यायचं.

४. बाटली ओढणं. लिटरची पाण्याची भरलेली बाटली हातात घ्या, दुसरा हात टेबलावर टेकवून थोडं पुढे झुका आणि कोपर मागे नेत बाटली कंबरेशी आणा.

प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा तेवढेच. शेवटचे दोन जड वाटले पाहिजेत. अगदी सहज बारा झाले म्हणजे व्यायाम हलका पडतोय. मग उठ-बस करताना छातीशी बाटली धरा, भिंतीवरून ओट्यावरच्या जोरांवर या, लिटरच्या जागी दोन लिटरची बाटली घ्या.

जोर लावताना श्वास कोंडू नका, उठताना सोडा आणि बसताना घ्या. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत मांड्या दुखतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा हाडात खोलवर, रात्री झोपू न देणारं दुखणं सुरू झालं तर मात्र थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

चारांपैकी एकच करायचा वेळ असेल तर उठ-बस करा. ऑपरेशननंतर पलंगावरून उठणं आणि संडासातून उठणं त्याच स्नायूंवर अवलंबून असतं.

योगासनं आधीपासून करत असाल तर चालू ठेवा. सूर्यनमस्कार या दिवसांत नव्याने शिकायला घेऊ नका. जोरजोराची कपालभाती आणि भस्त्रिका, पोटात गाठ असताना किंवा रक्तस्राव होत असताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. अनुलोम-विलोम, दीर्घ श्वसन खुशाल करा.

पाचवं पाऊल: श्वास

पोटाच्या वरच्या भागाचं किंवा छातीचं ऑपरेशन असेल तर हा भाग अजिबात सोडू नका. ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकायला घाबरतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या एका चाचणीत (२०१८, ४४१ पेशंट) पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनआधी फिजिओने फक्त एकदा, अर्धा तास भेटून श्वासाचे व्यायाम का आणि कसे करायचे ते शिकवलं. फुप्फुसांची गुंतागुंत २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली.

सरळ बसा, खांदे सैल. नाकातून सावकाश खोल श्वास घ्या, पोट-बरगड्या फुगू द्या, तीन मोजेपर्यंत धरा, तोंडाने सोडा. असे दहा. मग उशी पोटाशी घट्ट धरून दोन-तीनदा खोका. ही उशी धरून खोकण्याची सवय आत्ताच लावायची. टाके पडल्यावर ती शिकणं अवघड जातं.

आत तीन छोट्या प्लास्टिकच्या गोळ्या असलेलं स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं छोटं यंत्र, मेडिकलमध्ये मिळतं. ते देताना बऱ्याचदा कुणी नीट समजावत नाही आणि पेशंट फुगा फुगवल्यासारखे त्यात जोरात फुंकत बसतात. ते ओढायचं यंत्र आहे. आधी श्वास बाहेर सोडा, नळी ओठांत घट्ट धरा आणि सावकाश आत ओढा. एक गोळी उचलली गेली तरी चालेल, पण ती दोन-तीन सेकंद वर टिकली पाहिजे. तिन्ही गोळ्या झटक्यात टण्णकन वर आपटवण्यात काही फायदा नाही. चक्कर आली तर थांबा.

सहावं पाऊल: तुमच्या आजाराप्रमाणे थोडं वेगळं

तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर: आपल्याकडे हे पेशंट फार. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आखडतो, तोंड उघडत नाही. आजच आरशात बघून तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात का ते पाहा आणि वहीत लिहा. तोंड उघडणं, जबडा डावीकडे-उजवीकडे नेणं, जीभ बाहेर काढून चारी बाजूंना फिरवणं, दिवसातून पाच-सहा वेळा. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये ठेवून एकेक काडी वाढवायची युक्तीही शिकवतात, पण जखम ओली असेल किंवा रक्त येत असेल तर ती विचारूनच. गिळण्याचे व्यायाम रेडिएशन सुरू होण्याआधी स्पीच थेरपिस्टकडून शिकून घ्या. आणि दातांच्या डॉक्टरकडे लगेच जा. किडलेले दात काढायचे तर जखम भरायला रेडिएशनआधी साधारण दोन आठवडे हवेत.

स्तनाचा कॅन्सर: रेडिएशनच्या वेळी हात डोक्याच्या वर धरून झोपावं लागतं. खांदा आधीच आखडलेला असेल तर तिथे अडचण होते. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची, जिथवर हात जातो तिथे पेन्सिलीची खूण करायची. दोन्ही हातांच्या खुणा वेगवेगळ्या. ऑपरेशननंतर परत त्या खुणेपर्यंत पोचायचं असतं.

प्रोस्टेट: ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनआधी शिका. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच सेकंद धरायचे, सोडायचे. ते स्नायू कुठले हे कळण्यापुरतंच लघवीचं उदाहरण. व्यायाम लघवी करताना करू नका.

पोटाचं कुठलंही ऑपरेशन: पलंगावरून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने ढकलत उठा. रोज सकाळी असंच उठायला लागा.

सातवं पाऊल: ताट

व्यायाम केला आणि प्रथिनं मिळाली नाहीत तर स्नायू बनणार कशाचे? कॅन्सरच्या पेशंटला दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅमपेक्षा जास्त, शक्यतो १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. वजन ६० किलो असेल तर ७२ ते ९० ग्रॅम.

आपल्या जेवणात हे साधणं वाटतं तितकं सोपं नाही. हिशेब करून बघा. सकाळी दोन अंडी १२ ग्रॅम, पेलाभर दूध ६ ग्रॅम. दुपारी वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ ७-८, दोन पोळ्या ६, वाटीभर दही ४. संध्याकाळी मूठभर फुटाणे ६. रात्री पिठलं १०, भाकरी ६. हे सगळं नीट खाल्लं तर कुठे ५७-५८ ग्रॅम होतात. वर ५० ग्रॅम पनीर आणि झोपताना दूध घेतलं तेव्हा सत्तरी ओलांडते. अंडी खात नसाल तर सोयाबीनच्या वड्या कामाला येतात, २५ ग्रॅम कोरड्या वड्यांत १२-१३ ग्रॅम प्रथिनं असतात. मासे-चिकन खाणाऱ्यांचं काम सोपं.

आजारी माणसाचं जेवण म्हणजे वरणाचं पाणी, फळांचा रस, नारळपाणी, साबुदाण्याची पेज, हा आपल्याकडचा जुना समज. यांत प्रथिनं नावापुरतीच. वरणाचं पाणी पेशंटला आणि खालची डाळ घरच्यांना, असं नको. डाळ पेशंटच्या वाटीत पडू द्या. सोमवार, गुरुवार, चतुर्थीचे उपवास उपचार संपेपर्यंत बाजूला ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या आजी यावर हमखास कुरकुर करतात. त्यांना मी सांगतो, उपवासाचं पुण्य सुनेने कमवावं, तुम्ही उसळ खा.

भूकच नसेल तर दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. व्यायाम झाल्यावर तासाभरात दूध, अंडं, फुटाणे असं काहीतरी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर चालायला निघण्याआधी साखर मोजा. १००च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा. खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी ठेवा.

तंबाखू

सिगारेट, बिडी, गुटखा, मिश्री सगळं आलं यात. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी धूम्रपान सोडलं तर गुंतागुंत कमी होते, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये सांगितलं. चार आठवडे हातात नसतील तर जेवढे आहेत तेवढे. एकट्याने जमत नसेल तर सरकारची टोल-फ्री हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. मिश्री लावणाऱ्या आयांना ती तंबाखू वाटतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तरी त्या "मी काही खात नाही" म्हणतात. मुलींनी, सुनांनी ते सांगावं.

आठवडा कसा लावायचा

सोमवार, बुधवार, शुक्रवार ताकद आणि साधं चालणं. मंगळवार, गुरुवार, शनिवार भरभर-हळू चालणं. रविवारी मोजमाप आणि विश्रांती. श्वासाचे व्यायाम रोज, चहाच्या प्रत्येक वेळेआधी एकदा. स्कॅन, रक्त चढवणं, बायोप्सी असेल त्या दिवशी सुट्टी, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. झोप लागत नाही, मन उदास आहे, अशा दिवशी निम्मं करा, पण खुर्चीतून पाच वेळा उठायचंच.

चालताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, हृदय अनियमित धडधडलं किंवा थांबल्यावरही दहा मिनिटांत दम बसला नाही तर त्या दिवसाचा व्यायाम तिथेच संपला, आणि डॉक्टरांना कळवायचं. छातीतलं दुखणं थांबत नसेल तर सरळ कॅज्युअल्टी.

हातात पाचच दिवस असतील तर? मग स्नायू वाढवण्याच्या मागे लागू नका. श्वासाचे व्यायाम, उशी धरून खोकणं, कुशीवरून उठणं, तंबाखू बंद आणि रोज जमेल तेवढं चालणं. वर सांगितलेली ऑस्ट्रेलियातली भेट अर्ध्या तासाची होती, हे लक्षात ठेवा.

केमो आधी असेल आणि ऑपरेशन नंतर, तर तुमच्याकडे आठवडे नाही, महिने आहेत. केमोनंतरचे पहिले काही दिवस अंग गळून जातं, तेव्हा घरातल्या घरात फेऱ्या मारा. केमोची पुढची सायकल, म्हणजे पुढची फेरी, येईपर्यंतच्या चांगल्या दिवसांत वेळापत्रक पुन्हा धरा. या थकव्यावर पडून राहण्यापेक्षा थोडं चालणं जास्त लागू पडतं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गर्दीच्या बागेत किंवा जिममध्ये मात्र जाऊ नका.

घरच्यांसाठी एक काम. भेटायला माणसं येणारच. त्यांना सोफ्यावर बसवून चहा देण्याऐवजी "चला, दादांबरोबर गच्चीवर फिरून या" म्हणा. बोलणंही होतं, चालणंही होतं, आणि रिपोर्टची तीच ती चर्चा आपोआप आवरती होते, कारण दम लागलेला असतो.

ऑपरेशनला अॅडमिट होताना फाइलबरोबर वही, स्पायरोमीटर, पट्ट्याची सँडल आणि ती खोकण्याची उशी घ्या. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा त्यांना शेवटच्या रविवारचे आकडे दाखवा: पाच वेळा उठायला किती सेकंद, सहा मिनिटांत किती फेऱ्या, किती मजले. ऑपरेशननंतर बऱ्याचदा दुसऱ्याच दिवशी फिजिओ तुम्हाला उभं करायला येतात. त्यांनाही वही दाखवा, म्हणजे तुम्हाला कुठून सुरुवात करून द्यायची ते त्यांना लगेच कळेल.